नवरा कर्ज मागे ठेवून गेला, बाईने घरामागच्या शेडमध्ये डिशवॉशर उभा केला

लॉकडाऊनमध्ये कामवाल्या मावशींचं येणं बंद झालं आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत डिशवॉशर आला. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी त्याने जागा पटकावली. सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले. मग एक दिवस मशीनमधून पाणी भरण्याचा आवाज येत राहतो, थांबायचं नाव घेत नाही. दाराच्या खालून एक ओघळ येतो, बघता बघता स्वयंपाकघरात तळं होतं, आणि फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ पडतो, "कुणाला काही कळतंय का?"

कळतंय. पाणी जास्त का भरतं आणि अशा वेळी काय करायचं, ते आपण या लेखातच बघणार आहोत. पण त्यासाठी हे यंत्र मुळात कशावर चालतं ते समजून घ्यावं लागतं. आणि ते समजून घ्यायचं तर सुमारे १४० वर्षं मागे, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल नावाच्या छोट्या गावात जावं लागतं.

तिथे एक बाई होती. नाव जोसेफिन कॉक्रेन.

पाण्याशी घराण्याचंच नातं

जोसेफिनबाईंचा जन्म ८ मार्च १८३९ चा, ओहायो राज्यातल्या अॅश्टाब्युला काउंटीमधला. हो, पुढे जाऊन महिला दिन म्हणून साजरी व्हायला लागली तीच तारीख. माहेरचं आडनाव गॅरिस. वडील जॉन गॅरिस हे इंजिनिअर. नदीकाठच्या गिरण्यांची कामं बघणं, पाण्याच्या जोरावर चालणारी यंत्रं सांभाळणं हा त्यांचा व्यवसाय.

आईचं माहेरचं आडनाव फिच. हे नाव अमेरिकेच्या इतिहासात महत्त्वाचं आहे, कारण जॉन फिच नावाच्या माणसाने १७८७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीत वाफेवर चालणारी बोट चालवून दाखवली होती. १७९१ मध्ये त्याला तिचं पेटंटही मिळालं. पण धंदा काही चालला नाही आणि १७९८ मध्ये तो गरिबीतच गेला. जोसेफिनबाई याच फिचच्या वंशातल्या असं सांगितलं जातं.

म्हणजे एका बाजूला पाण्याची यंत्रं सांभाळणारा बाप आणि दुसऱ्या बाजूला वाफेची बोट बनवणारा पूर्वज. पण स्वतः जोसेफिनबाईंना इंजिनिअरिंगचं शिक्षण काही मिळालं नाही. त्या काळात मुलींना ते मिळायचंच नाही. खासगी शाळेत जेवढं शिकता आलं तेवढं शिकल्या. शाळेला आग लागल्यावर त्यांना शेल्बीव्हिलला बहिणीकडे पाठवलं गेलं.

लग्न, बंगला आणि एक जास्तीचं अक्षर

शेल्बीव्हिलमध्येच त्यांची भेट विल्यम कॉक्रनशी झाली. हा विल्यम सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला जाऊन हात हलवत परत आलेला गडी होता. पण गावात कापडचोपडाच्या व्यापारात त्याचा जम बसला आणि तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजकारणातही शिरला. ऑक्टोबर १८५८ मध्ये दोघांचं लग्न झालं, तेव्हा जोसेफिनबाई १९ वर्षांच्या होत्या.

नवऱ्याचं आडनाव त्यांनी घेतलं, पण इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक 'ई' स्वतःच्या मर्जीने जोडला आणि त्या कॉक्रनच्या कॉक्रेन झाल्या. नवऱ्याकडच्या मंडळींना ते फारसं आवडलं नाही म्हणतात. बाईंचा स्वभाव इथूनच कळायला लागतो.

दोन मुलं झाली, त्यातला मुलगा हॅली दोन वर्षांचा असतानाच गेला. मुलगी कॅथरीन मोठी झाली. १८७० मध्ये कुटुंब शेल्बीव्हिलमधल्या मोठ्या बंगल्यात राहायला गेलं. घरात नोकरचाकर होते. व्यापारी आणि राजकारणी माणसाचं घर म्हटल्यावर पाहुण्यांचा राबता असायचा आणि मेजवान्या चालायच्या. आणि त्या मेजवान्यांत घराण्यातून आलेली चिनी मातीची जुनी, महागडी भांडी टेबलावर यायची.

कपच्या उडालेल्या बशा

मेजवानी संपली की नोकर भांडी घासायचे, आणि दर वेळी कुठल्या तरी बशीची कपची उडालेली असायची. जोसेफिनबाई वैतागल्या. त्यांनी नोकरांच्या हातून ती भांडी काढून घेतली आणि स्वतः घासायला बसल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नोकरांचे कष्ट वाचावेत म्हणून या यंत्राची कल्पना सुचली, असं काही नाही. बाईंना काळजी होती ती बशांची. पण स्वतःच्या हाताने ढीगभर भांडी घासल्यावर त्यांना दुसरीही गोष्ट कळली. हे काम किती वेळखाऊ आणि किती कंटाळवाणं आहे, ते करणाऱ्यालाच माहीत. मग हे काम करणारं यंत्र अजून कुणी का बनवलं नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला.

तसं बघायला गेलं तर प्रयत्न झाले होते. १८५० मध्ये जोएल हॉटन नावाच्या माणसाने हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ते भांड्यांवर पाणी उडवायचं, बस. १८६० च्या दशकात गिअर लावलेलं दुसरं यंत्र आलं. पण त्या यंत्रांवर कुणी भरवसा ठेवावा असं काम त्यातलं एकही करत नव्हतं.

जोसेफिनबाईंनी प्रश्न दुसऱ्या टोकाकडून पकडला. आपण भांडी घासतो म्हणजे काहीतरी त्यावर चोळतो. बाईंनी ठरवलं की चोळायचंच नाही. भांडं जागेवर घट्ट धरून ठेवायचं आणि साबणाच्या गरम पाण्याचा मारा करायचा. मळ पाण्याच्या जोराने निघाला पाहिजे.

मग त्यांनी घरातल्या बशा, कप, ताटल्या मोजायला घेतल्या. प्रत्येक मापाचं भांडं नेमकं बसेल असे तारेचे कप्पे आखले. हे कप्पे एका चाकावर बसवायचे आणि ते चाक तांब्याच्या मोठ्या बॉयलरमध्ये आडवं ठेवायचं. चाक फिरणार आणि खालून साबणाचं गरम पाणी भांड्यांवर उडणार. त्यानंतर स्वच्छ गरम पाणी. भांडी एकमेकांवर आपटणार नाहीत, म्हणजे कपची उडणार नाही.

आज तुमच्या डिशवॉशरचं दार उघडल्यावर जे काट्याकाट्यांचे ट्रे दिसतात, त्यांचं मूळ या तारेच्या कप्प्यांत आहे.

१८८३: विषय गंभीर होतो

इथपर्यंत ही एका श्रीमंत घरातल्या हौशी बाईची गोष्ट वाटते. १८८३ मध्ये विल्यम वारला आणि चित्र बदललं.

बंगला, मेजवान्या, राजकारण या सगळ्यामागे कर्ज साठलेलं होतं. जोसेफिनबाईंच्या हातात दीड हजार डॉलरच्या आसपास रोकड उरली आणि देणेकरी त्याहून कितीतरी जास्त पैसे मागत होते. वय ४४. नोकरीचा अनुभव शून्य. त्या काळात त्यांच्या वर्गातल्या विधवेसमोर नातेवाइकांच्या आधाराने राहणं किंवा दुसरं लग्न करणं, हेच रस्ते असायचे.

बाईंनी तिसरा रस्ता धरला. डोक्यातलं यंत्र आता छंद राहिलं नव्हतं, ते पोटापाण्याचं साधन होणार होतं.

घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये काम सुरू झालं. सुरुवातीला जे कारागीर मिळाले त्यांचा सूर असा, की बाईला यंत्रातलं काय कळतं. त्यांना सांगावं एक आणि ते करणार दुसरंच. स्वतःच्या पद्धतीने करून बघायचे, ते फसायचं आणि मग बाईंच्या सांगण्यावर यायचे. यात बाईंचा पैसाही जायचा आणि वेळही.

शेवटी जॉर्ज बटर्स नावाचा मेकॅनिक भेटला. हा इलिनॉय सेंट्रल रेल्वेत कामाला होता. बाईंचं म्हणणं ऐकून घेऊन तसंच बनवणारा माणूस. दोघांनी मिळून यंत्र उभं केलं.

३१ डिसेंबर १८८५ ला पेटंटचा अर्ज गेला आणि २८ डिसेंबर १८८६ ला पेटंट मिळालं, क्रमांक ३,५५,१३९. आपल्याला ओळखीचा संदर्भ द्यायचा तर याच १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. बायकांनी काय करावं आणि काय करू नये, याच्या रेषा तिकडेही ठळक होत्या आणि इकडेही.

हॉटेलची लॉबी ओलांडणं

यंत्र तयार झालं, आता विकायचं कुणाला? जोसेफिनबाईंना ते घराघरातल्या बायकांपर्यंत न्यायचं होतं. पण किंमत शेकडो डॉलरच्या घरात. एवढे पैसे स्वयंपाकघरातल्या वस्तूवर खर्च करायचे की नाही, हे ठरवणार नवरा. आणि भांडी नवरा घासत नव्हता.

मग त्यांनी हॉटेलांकडे मोर्चा वळवला. ओळखीतून शिकागोच्या पामर हाउस या नामांकित हॉटेलमध्ये यंत्र गेलं. तिथून शर्मन हाउसचं नाव कळलं. तिथे ओळख नव्हती, स्वतःच जाऊन बोलायचं होतं.

आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. पण तेव्हा प्रतिष्ठित घरातली बाई सोबत वडील, भाऊ किंवा नवरा नसताना हॉटेलच्या लॉबीत पाय ठेवत नसे. जोसेफिनबाईंनी पुढे सांगितलं आहे की ती लॉबी एकटीने ओलांडणं ही त्यांनी आयुष्यात केलेली जवळजवळ सगळ्यात अवघड गोष्ट होती. पाय लटपटत होते, पण त्या पलीकडे पोचल्या आणि ८०० डॉलरची ऑर्डर घेऊन बाहेर आल्या.

पैसे गुंतवणारे भेटत होते, पण त्यांची अट ठरलेली असायची. कंपनी पुरुषांच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. बाईंनी ते पैसे घेतले नाहीत. कंपनीचं नाव ठेवलं गॅरिस-कॉक्रन, त्यात माहेरही होतं आणि सासरही.

विवेकानंद गेले त्याच जत्रेत

१८९३ मध्ये शिकागोत कोलंबियन जागतिक प्रदर्शन भरलं. हे प्रदर्शन आपल्याला माहीत आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत सप्टेंबर १८९३ मध्ये त्यांचं गाजलेलं भाषण झालं.

त्याच प्रदर्शनात यंत्रांच्या दालनात जोसेफिनबाईंचा डिशवॉशर मांडलेला होता. यंत्राची बांधणी, टिकाऊपणा आणि कामाला योग्य असणं, यासाठी त्याला पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मोठी जाहिरात दुसरीकडेच चालली होती. प्रदर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांना जेवू घालणाऱ्या उपाहारगृहांमध्ये त्यांची नऊ यंत्रं रोज काम करत होती. मोठं यंत्र दोन मिनिटांत दोनशेच्या वर भांडी धुतं, असं तेव्हा सांगितलं जायचं. गर्दीच्या हॉटेलवाल्याला आणखी काय पाहिजे?

प्रदर्शनानंतर हॉटेलं, रेस्टॉरंट यांच्या ऑर्डरी वाढल्या. पुढे दवाखाने आणि कॉलेजंही गिऱ्हाईक झाली, कारण त्यांना कडक गरम पाण्याने धुतलेली भांडी हवी होती. १८९० च्या दशकाच्या शेवटी स्वतःचा कारखाना उभा राहिला, नाव क्रेसेंट वॉशिंग मशीन कंपनी. कामगारांवर देखरेख कुणाची? त्याच जॉर्ज बटर्सची.

घरात मात्र पाण्याने अडवलं

एवढं होऊनही मूळ स्वप्न अपुरंच राहिलं. डिशवॉशर घरात शिरला नाही. महाग होता हे एक कारण. दुसरं कारण पाण्याचं.

या यंत्राला गरम पाणी भरपूर लागायचं. तेव्हाच्या घरांतल्या बंबात तेवढं पाणी तापायचंच नाही. शिवाय कित्येक ठिकाणी पाणी जड होतं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि काही बायकांचं म्हणणं असं होतं, की रात्री जेवणं झाल्यावर गप्पा मारत भांडी धुणं इतकं काही वाईट नसतं.

जोसेफिनबाई शेवटपर्यंत यंत्र सुधारत राहिल्या. सत्तरी ओलांडल्यावरही विक्रीसाठी प्रवास करत होत्या. ऑगस्ट १९१३ मध्ये शिकागोत त्यांचं निधन झालं, वय ७४. शेल्बीव्हिलच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. त्यांच्या एका सुधारित यंत्राचं पेटंट तर त्या गेल्यावर चार वर्षांनी, १९१७ मध्ये मंजूर झालं.

१९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्ट कंपनीकडे गेली. होबार्टच्याच किचनएड या नावाने १९४९ मध्ये घरगुती डिशवॉशर बाजारात आला. घरोघरी गरम पाण्याची सोय झाली, खास डिशवॉशरसाठीची पावडर मिळायला लागली आणि १९५० च्या दशकात अमेरिकन घरांनी त्याला आत घेतलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये जोसेफिनबाईंचं नाव गेलं.

आता तुमच्या स्वयंपाकघरातल्या तळ्याकडे

जोसेफिनबाईंच्या यंत्रापाशी माणूस उभा असायचा. आजच्या यंत्रात ते काम पार्ट करतात. भांडी स्थिर असतात, पाणी फेकणारे पंखे फिरतात आणि तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरलं जातं. त्यामुळे पाणी फार लागत नाही. एका वेळी तळाशी साधारण तीन-चार लिटर पाणी असतं, ते खालच्या ट्रेमधल्या भांड्यांपर्यंत पोचत नाही. दार उघडल्यावर खालची भांडी पाण्यात बुडालेली दिसली, तर पाणी जास्त झालं असं समजायचं. फिल्टरखालच्या खड्ड्यात किंवा मिठाच्या टाकीत पाणी दिसलं तर घाबरू नका, ते तिथे असतंच.

पहिल्यांदा सुरक्षितता. जमीन ओली असेल तर मशीनला हात लावायच्या आधी कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करा. मग मशीनला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. त्यानंतर पुढची तपासणी.

१. वीज बंद, पाणी चालू. ही सगळ्यात उपयोगी परीक्षा आहे. जमीन पुसून कोरडी झाली की मशीनची वीज बंदच ठेवा, कॉक थोडा उघडा आणि दार उघडून बघा. वीज नसताना पाणी आत येत राहिलं, तर पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. कॉक लगेच बंद करा. वीज गेल्यावर पाणी थांबलं, तर व्हॉल्व्ह बहुतेक ठीक आहे आणि पाण्याची पातळी ओळखणारा भाग किंवा त्याला हुकूम देणारा बोर्ड चुकतोय.

२. इनलेट व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हच्या आत रबराचा पडदा असतो. वीज मिळाली की तो उघडतो. वीज गेली की स्प्रिंग आणि पाण्याचा स्वतःचा दाब मिळून तो बंद करतात. त्यात वाळूचा कण किंवा क्षार अडकला की फट राहते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात हे होऊ शकतं. नळीच्या तोंडाशी छोटी जाळी असते, ती काढून धुवा.

इथेच वरच्या मजल्यावरच्यांसाठी एक मुद्दा. पाण्याचा दाब फार कमी असेल तरी हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. १० मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण १ बार दाब मिळतो. तुमचा फ्लॅट सगळ्यात वर असेल आणि गच्चीतली टाकी नळापासून तीनच मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बारच्या आसपास. मशीनला कमीत कमी किती दाब लागतो ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तो मिळत नसेल तर नुसता व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, प्रेशर पंपाचा विचार करावा लागेल.

३. फ्लोट. गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो, पाणी भरलं की फुगा वर येतो आणि पाणी बंद होतं. काही डिशवॉशरमध्ये तळाशी असाच प्लास्टिकचा फ्लोट असतो. त्याच्या वर किंवा भोवती भाताचं शीत, चमचा किंवा क्षारांचा थर अडकला की तो वर उचललाच जात नाही आणि मशीनला पाणी भरल्याचं कळत नाही. बोटाने वर-खाली करून बघा. सहज हलला पाहिजे. अडकत असेल तर साफ करा.

४. फ्लोट दिसतच नाही. मग तुमच्या मशीनमध्ये प्रेशर सेन्सर किंवा पाणी मोजणारं छोटं चक्र असेल. सेन्सरच्या नळीत तेलकट गाळ बसला की पातळी चुकीची कळते. चक्र क्षारांनी अडखळलं की दहा वेळा फिरायच्या जागी आठ वेळा फिरतं, आणि मशीन कमी आलं समजून आणखी पाणी घेतं. हे दोन्ही भाग मेकॅनिकने उघडावेत.

५. पाणी भरतंय की निघतच नाहीये? सायकल संपल्यावर तळाशी घाण पाणी साचलेलं असेल, तर दोष भरण्याचा नाही, निचऱ्याचा आहे. फिल्टर काढून धुवा. मागची नळी दुमडली आहे का ते बघा. मशीन बंद असताना सिंक वापरल्यावर आत घाण पाणी येत असेल, तर सिंकचं पाणी नळीतून उलटं शिरतंय. ही नळी आधी वर नेऊन मग खाली सोडलेली असावी लागते.

आणि नळी फारच खाली सोडली असेल तर उलटा प्रकार होतो. इकडे पाणी भरतं, तिकडे आपोआप वाहून जातं. भरण्याचा आवाज थांबत नाही, पण आत पाणी कमीच.

६. फेस. पावडर संपली म्हणून कुणी भांड्यांचं साधं लिक्विड टाकलं, तर पाणी जास्त न भरताही दारातून फेस बाहेर येतो. डिशवॉशरच्या पावडरला मुद्दाम कमी फेस येतो, कारण इथे काम पाण्याच्या जोराने होतं. फेस आला असेल तर मशीन थांबवा, फेस काढा आणि पावडर न टाकता साध्या पाण्याची सायकल चालवा.

७. मशीन सुरूच होत नाही, फक्त पंप घरघरतोय. बऱ्याच मशीनच्या तळाखाली एक ट्रे असतो. गळलेलं पाणी त्यात साचलं की दुसरा एक फ्लोट उचलला जातो, पाणी भरणं बंद होतं आणि पंप चालू राहतो. घरात पूर येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. ट्रेमधलं पाणी काढलं की मशीन पुन्हा चालतं, पण गळती शोधली नाही तर चार दिवसांनी तेच. मशीन तिरपं करून पाणी ओतण्याचा जुगाड करू नका, पाणी वायरिंगवर जाऊ शकतं.

मेकॅनिकला फोन करताना पाणी भरतंय एवढंच सांगू नका. वीज बंद केल्यावर पाणी थांबलं की नाही, ते आधी सांगा. एवढ्या एका माहितीने तो व्हॉल्व्ह सोबत घेऊन येईल की सेन्सर, ते ठरतं आणि तुमची एक फेरी वाचते. बोर्डच बदलायला लागेल असं कुणी बघताक्षणी म्हणालं, तर ही परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवा.

जोसेफिनबाईंनाही कारागिरांनी हेच ऐकवलं होतं, की तुम्हाला यंत्रातलं काय कळतं. त्यांनी बशा मोजल्या, तारा वाकवल्या आणि स्वतःला हवं तसंच यंत्र करून घेतलं. त्या यंत्राचा वारसदार आता आपल्या ओट्याखाली आला आहे. तर पुढच्या वेळी ग्रुपवर तळ्याचा व्हिडिओ पडला, की त्याखाली पहिला प्रश्न हाच विचारा: वीज बंद केल्यावर पाणी थांबलं का?